गाडी मुलगा चालवणार, नाव माझं लावायचं?

एका ताईंचं पत्र आलं आहे. कुटुंब नोकरीनिमित्त परदेशात राहतं. देशाचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही. मुलगा 19 वर्षांचा, लायसन्स नुकतंच हातात आलेलं. मुलगी 21 वर्षांची, तिचं लायसन्स दोन वर्षांपूर्वीच झालेलं. कॉलेज आणि अर्धवेळ काम यांसाठी मुलाला एक जुनी लहान गाडी घेऊन द्यायचं ठरलं. इन्शुरन्सचं कोटेशन आलं तेव्हा वर्षाचा प्रीमियम पाहून घरात सगळेच गप्प झाले. त्याच गाडीसाठी मुलीचं नाव घालून पाहिलं तर आकडा बराच खाली आला, ताईंचं स्वतःचं नाव घातलं तर आणखी खाली. मुलगा चिडला आहे. "मी अजून कुठे ओरखडासुद्धा पाडलेला नाही. मुलगा म्हणून जन्मलो त्याचा दंड का भरायचा?" यजमानांनी मार्ग काढला: पॉलिसी ताईंच्या नावावर घ्यायची, मुख्य चालक म्हणून त्यांनाच दाखवायचं, आणि मुलाचं नाव 'अधूनमधून चालवणारा' म्हणून खाली लावायचं. "हे म्हणतात, सगळेच असं करतात," असं ताई लिहितात. त्यात 76 वर्षांच्या सासऱ्यांच्या गाडीचा प्रीमियमही या रिन्युअलला वाढला, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं आहे. ताईंचा प्रश्न असा: "वय आणि लिंग बघून दर लावणं हा अन्याय नाही का? आणि कंपनीच अन्याय करत असेल, तर आम्ही एवढी पळवाट काढली तर बिघडलं कुठे?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हे दर न्यायाचे आहेत का, हा एक. आणि नसतील तर फॉर्मवर खोटं लिहावं का, हा दुसरा. पहिल्यावर मला बरंच बोलायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर लहान आहे, म्हणून आधी तेच सांगते: लिहू नका.

मुख्य चालक म्हणजे ती गाडी सगळ्यात जास्त चालवणारा माणूस. गाडीला पैसे कोणी दिले, कागद कोणाच्या नावावर आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही. रोज कॉलेजला गाडी मुलगा नेणार आणि मुख्य चालक तुम्ही, हे लिहिलं की ते खोटं झालं. ब्रिटनमध्ये या प्रकाराला 'फ्रंटिंग' असं नाव आहे आणि तिथे ती विम्याची फसवणूक धरली जाते. पकडणार कसं, असं यजमान म्हणतील. पकडायला फार काही लागत नाही. अपघाताची वेळ सकाळी नऊ, ठिकाण कॉलेजचा रस्ता, गाडीत मुलाची बॅग, आणि तुमची स्वतःची गाडी तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये. चौकशी करणाऱ्याला एवढं पुरतं. मग क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी रद्द होऊ शकते, समोरच्या जखमी माणसाला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करायला निघू शकते. आणि 'याआधी तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का?' हा प्रश्न पुढे कितीतरी फॉर्मांवर समोर येतो. तिथे 'हो' लिहावं लागलं की आज वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे पुढे जातात.

अजून एक गोष्ट नीट बघा. त्या फॉर्मवर सही यजमानांची नाही, मुलाचीही नाही. तुमची आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही, घरातला खर्च कमी व्हावा एवढंच त्यांना वाटतंय. पण मार्ग त्यांनी सुचवला, सोय मुलाची झाली, आणि उद्या उत्तर द्यायला उभं राहायचं तुम्ही, ही वाटणी मला पटत नाही. तुम्हालाही पटली नसावी, नाहीतर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

आता अन्यायाबद्दल.

मुलगा म्हणतो, मुलगा असल्याचा दंड. पण तुम्ही ज्या दोन कोटेशनांची तुलना केलीत त्यांत एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या आहेत. एक 19 चा, दुसरी 21 ची. एकाचं लायसन्स कोरं, दुसरीचं दोन वर्षांचं. आणि एक मुलगा, एक मुलगी. यातल्या कुठल्या फरकाचे किती पैसे, हे तुम्हाला अजून माहीतच नाही. माझा अंदाज असा की मोठा वाटा वय आणि अनुभव यांचा निघेल. ऑनलाइन कोटेशन काढताना बाकी सगळं मुलाचंच ठेवून फक्त लिंगाचा रकाना बदलून बघा. पॉलिसी घ्यायची नाही, नुसता आकडा बघायचा. तो बघितल्यावर रागाला निदान नेमका पत्ता मिळेल.

वयाला एवढं वजन का, हेही मुलाला कळायला हवं. उदाहरणापुरतं धरून चाला की 100 नवे चालक आहेत आणि वर्षभरात त्यांतले 10 जण गाडी ठोकणार आहेत. तुमचा मुलगा बहुधा उरलेल्या 90 मध्येच आहे. पण पहिल्या दिवशी ते 90 आणि हे 10 अगदी सारखे दिसतात: सगळ्यांचं लायसन्स नवं, सगळ्यांची पाटी कोरी. कंपनीकडे त्याच्याबद्दल काहीच नसतं, म्हणून ती त्याला गटाची सरासरी लावते. तो आकडा त्याच्यावरचा निकाल नाही. कंपनीला त्याची ओळख नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि गटाची सरासरी खरंच चांगली नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या आकड्यांनुसार, चालवलेल्या अंतराच्या हिशेबात 16 ते 19 वयाच्या चालकांचे जीवघेणे अपघात 20 आणि त्यापुढच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. याचं कारण मुलं वाईट असतात असं नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, मागे तिघं मित्र, एक जण फोनवरचा व्हिडिओ पुढे धरून "हे बघ, हे बघ" म्हणतोय, आणि पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागतात. तुम्ही-आम्ही त्या क्षणी विचार न करता पाय उचलतो. वीस वर्षांच्या सवयीने पाय आपोआप हलतो. त्याच्या पायाला ती सवय अजून लागायची आहे. जास्तीचे पैसे त्या न लागलेल्या सवयीचे आहेत, आणि चालवत राहिल्याशिवाय ती लागत नाही. म्हणूनच दर पंचविशीपर्यंत बहुतेक ठिकाणी वर्षागणिक उतरत जातो, मधल्या वयात खाली राहतो आणि सत्तरीनंतर पुन्हा चढतो.

लिंगाबद्दल माझं मन इतकं सरळ नाही. आकडे आहेत, ते मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्ते अपघातांत मरण पावणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या जवळपास तिप्पट असतं. त्यामागे वेग आहे, दारू आहे, जास्त अंतर गाडी चालवणं आहे. तरी वय आणि लिंग यांत मला एक मोठा फरक दिसतो. वयातून प्रत्येक जण पार होतो. आज 19 ला जास्त भरणारा मुलगा 35 व्या वर्षी स्वस्त दराचा फायदा घेणार आहे, त्याचे आईवडील आज घेतच आहेत. एकाच माणसाच्या आयुष्यात ते फिटून जातं. लिंगाचं तसं नाही. शांतपणे गाडी चालवणाऱ्या मुलानं, दुसऱ्या कुणीतरी वेगाने चालवली म्हणून भरायचं, हे मला खटकतं.

असं वाटणारी मी एकटी नाही. बेल्जियममधल्या तेस्त-आशा या ग्राहकसंस्थेच्या खटल्यात युरोपियन युनियनच्या न्यायालयानं 1 मार्च 2011 रोजी निकाल दिला, आणि 21 डिसेंबर 2012 पासून तिथे नव्या विमा करारांत स्त्री-पुरुष असा दरात फरक करायला बंदी आली. अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात 1988 च्या प्रपोझिशन 103 या कायद्यानं चालकाची स्वतःची नोंद, वर्षभरात चालवलेलं अंतर आणि चालवण्याच्या अनुभवाची वर्षं, या क्रमानं वजन द्यायला लावलं. लिंगाचा निकष तिथे 2019 पासून गेला. हवाई राज्यात तर वय आणि लिंग दोन्ही वापरता येत नाहीत. भारतातल्या वाचकांना हे सगळं नवलाचं वाटेल, कारण तिथे थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि खाजगी गाडीसाठी तो इंजिनच्या क्षमतेवर अवलंबून असतो. तो गाडी बघतो, चालक नाही. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते विमा नियामकाच्या संकेतस्थळावर तपासा. तुमच्या मुलाला हा मुद्दा एवढा लागला असेल, तर तक्रार करायची ती योग्य जागा आहे.

पण बंदी आली की फरक मिटतो असंही नाही. ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं, आणि तिथे बंदीनंतरही पुरुषांचा सरासरी प्रीमियम स्त्रियांपेक्षा जास्तच राहिला. लिंग विचारायचं नाही, पण गाडी कोणती, इंजिन केवढं, काम कसलं, वर्षाला अंतर किती, आधी दंड झालाय का, हे विचारता येतं, आणि या सगळ्यांत स्त्री-पुरुषांच्या सवयी वेगळ्या असतात. मला हा बदल चांगला वाटतो. लहान इंजिनाची गाडी निवडणं मुलाच्या हातात आहे.

आणि 'बायकांना स्वस्त' हा समजही सरसकट खरा नाही. कन्झ्युमर फेडरेशन ऑफ अमेरिका या संस्थेनं 2017 मध्ये मोठ्या कंपन्यांचे दर तपासले तेव्हा, चालवण्याची नोंद स्वच्छ असूनही 40 आणि 60 वर्षांच्या बायकांना अनेकदा त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला जात होता. विशीतली सवलत चाळिशीत उलटलेली असू शकते. तुम्ही स्वतः गेल्या कित्येक वर्षांत आपलं कोटेशन वेगळं काढून पाहिलंय का?

हे विचारण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पॉलिसी घ्यायला बसले. त्याआधी 17 वर्षं गाडी चालवली होती, रोज, पावसात, रात्री, मुलांना मागे घेऊन. पॉलिसी मात्र कायम नवऱ्याच्या नावावर, माझं नाव खालच्या ओळीत. फोनवरच्या मुलीनं विचारलं, "नो क्लेम किती वर्षांचा?" म्हणजे क्लेम न करता किती वर्षं गेली; त्यावर प्रीमियममध्ये सवलत मिळते. मी म्हटलं, सतरा. की-बोर्डचा आवाज आला आणि थांबला. "मॅडम, तुमच्या नावावर काहीच दिसत नाहीये." मी पुन्हा सांगितलं, एकही अपघात नाही. ती मऊ आवाजात म्हणाली, "ते बरोबर आहे, पण ते सरांच्या नावावर जमा झालंय." तिची काहीच चूक नव्हती. बहुतेक ठिकाणी नो क्लेमचा लाभ पॉलिसीधारकाचा असतो. काही कंपन्या जोडलेल्या चालकाचा अनुभवही धरतात, पण तसं आपण विचारावं लागतं. हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीनं मी अडखळले. मुलगी त्यात एकदाच येते, कोटेशनचा आकडा तुलनेला म्हणून. तिचं लायसन्स दोन वर्षं जुनं आहे. ती गाडी चालवते का? कोणती? तिचं नाव कुठल्या पॉलिसीवर आहे? लायसन्स झालं आणि नंतर 'तुला कशाला, मी सोडतो' असं होत राहिलं, तर पंचविशीत तिच्याकडे कागदावर सहा वर्षांचा अनुभव असेल आणि हातात काहीच नसेल. दर ठरवताना कंपन्या बहुतेकदा लायसन्सची वर्षं मोजतात, पण रस्ता तिला ती वर्षं मोजून देणार नाही. गाडी एका मुलासाठी घेण्याऐवजी दोघांची म्हणून घेता येईल का, हा विचार करून बघा. दोघं खरोखर वाटून चालवणार असतील, तर कोण जास्त चालवणार हे कंपनीला खरं सांगा आणि दोघांचीही नावं घाला. फक्त आकडा खाली आणायला तिचं नाव मुख्य म्हणून लावू नका. तुमच्याऐवजी ती अडकेल.

आणखी एक पर्याय आहे, आणि मला तो सगळ्यात बरा वाटतो: पहिलं वर्ष वेगळी गाडीच नको. मुलाला घरच्या गाडीवर जादा चालक म्हणून जोडा. तो खरोखर आठवड्यातून दोन-तीनदाच गाडी नेणार असेल, तर 'अधूनमधून' हा शब्द खरा आहे आणि तो लिहायला कुणाचीच हरकत नाही. घरच्या पॉलिसीचा प्रीमियम वाढेल, पण सहसा त्याच्या स्वतंत्र पॉलिसीइतका नाही. जोडण्याआधी एक विचारून घ्या: त्याच्या हातून अपघात झाला तर नो क्लेम कोणाचा जाणार? बहुधा पॉलिसीधारकाचा. हे आधी माहीत असलेलं बरं.

गाडी घ्यायचीच असेल, तर कोटेशन आधी काढा आणि गाडी नंतर पसंत करा. बहुतेक घरांत हे उलट होतं. एकाच किमतीच्या दोन जुन्या गाड्यांच्या प्रीमियममध्ये मोठा फरक पडतो. कारण इंजिन, सुट्या भागांची किंमत, चोरीचं प्रमाण. किमान चार-पाच कंपन्यांकडे विचारा, कारण नव्या चालकाला कोण किती वजन देतं हे प्रत्येकीचं वेगळं असतं. क्लेमच्या वेळी स्वतः भरायची रक्कम वाढवली की प्रीमियम उतरतो, पण तेवढी रक्कम बाजूला ठेवलेली असेल तरच ती वाढवा. वर्षाचं अंतर खरं आणि नेमकं सांगा. गुण चांगले असतील तर सवलत, कॉलेज लांब असून गाडी घरीच राहत असेल तर सवलत, प्रशिक्षणाचा पुढचा कोर्स केला तर सवलत, अशा सोयी काही ठिकाणी असतात. आपण होऊन कुणी सांगत नाही.

मुलाच्या रागावर खरं औषध मात्र टेलिमॅटिक्सचं आहे. गाडीत एक छोटं यंत्र किंवा फोनवर अ‍ॅप बसतं, आणि वेग, कचकन लावलेला ब्रेक, वळणं, रात्रीचे तास, सगळं नोंदलं जातं. त्याचं म्हणणं आहे ना की मी बाकीच्यांसारखा नाही? मग हे दाखवायची जागा ही आहे. 'गटाची सरासरी लावू नका, माझं चालवणं बघा' असं म्हणण्यासारखंच ते आहे. यात एक किंमत आहे, तीही त्याला सांगा: तो कधी, कुठे जातो हे कंपनीला कळतं. नोंद वाईट निघाली तर दर वाढतो का, माहिती किती काळ ठेवतात, कोणाला देतात, हे विचारूनच हो म्हणा. आणि निर्णय त्याला घेऊ दे. तुम्ही त्याचं अ‍ॅप उघडून रोज रात्री उलटतपासणी करायला लागलात, तर आठ दिवसांत तो फोन घरी ठेवून जाईल.

न्यूझीलंडनं 1987 मध्ये लायसन्स टप्प्याटप्प्यानं द्यायची पद्धत आणली. नव्या चालकाला काही काळ रात्री 10 ते पहाटे 5 एकट्यानं गाडी चालवता येत नाही आणि सोबत कोणाला बसवायचं यावरही बंधन असतं. पुढे बऱ्याच देशांनी हे उचललं. तुमच्याकडे कायदा नसला तरी घरात सहा महिन्यांपुरतं ठरवता येतं: रात्री दहानंतर नाही, आणि मागच्या सीटवर एका वेळी एकच मित्र. हे मुलीलाही लागू करा आणि मुलालाही, नाहीतर तो पुन्हा म्हणेल की मुलगा म्हणून.

सासऱ्यांबद्दल थोडंच लिहिते. वाढलेला प्रीमियम म्हणजे 'आता तुम्हाला जमत नाही' असं कंपनीनं सांगितलंय, असं त्यांना वाटत असेल तर त्यांना एक गोष्ट सांगा. म्हाताऱ्या शरीराला त्याच धक्क्यात जास्त इजा होते, बरं व्हायला वेळ आणि पैसा जास्त लागतो. वाढलेल्या दरात त्याचाही भाग असतो, सगळा दोष त्यांच्या हातापायांचा नाही. ते जवळपासच चालवत असतील तर कमी अंतराची पॉलिसी मिळते का बघा. गाडी सोडायची की नाही, हे प्रीमियमवरून ठरवू नका. वर्षातून एकदा डोळे तपासा, औषधांनी झोप येते का ते डॉक्टरांना विचारा, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून जा. काही बोलू नका, नुसतं बघा.

यजमानांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. 'हे बेकायदेशीर आहे' एवढंच म्हणालात तर ते 'सगळेच करतात' म्हणतील. त्याऐवजी ते कोटेशनच घेऊन बसा. खरं लिहून येणारा आकडा, घरच्या गाडीवर जोडून येणारा आकडा आणि टेलिमॅटिक्सचा आकडा, तिन्ही एका कागदावर. ते फक्त पहिला आकडा बघून घाबरलेत, आणि घाबरणं साहजिक होतं. मुलालाही त्याच वेळी समोर बसवा, फरकाचा काही भाग त्यानं अर्धवेळ कामातून द्यावा असं ठरवा. आपले पैसे त्यात असले की ब्रेकवरचा पाय वेगळा पडतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय.

आणि फॉर्मवर 'मुख्य चालक' हा रकाना येईल तेव्हा तो त्यालाच भरू द्या. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, की त्याच दिवसापासून त्याची वर्षं त्याच्या नावावर जमा व्हायला लागतील.